रडणारा अशोक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही कंत्राटी पद्धत, किमान वेतन किंवा बोनस यांपैकी काहीतरी सांगू. हयातीची तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आम्ही 'झाड' असे उत्तर दिले तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. परंतु कामकरी माणसाचा आणि झाडाचा संबंध किती जवळचा आहे, हे ज्याने ऐन वैशाखात पूर्णा जंक्शनच्या बाहेर उभे राहून सभा घेतली आहे, त्याला निराळे सांगावे लागत नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातल्या पुस्तकांचे आणि जाणत्या माणसांना विचारलेल्या प्रश्नांचे. तेव्हा वनस्पतिशास्त्राचे कोणी प्राध्यापक येथे बसले असतील तर त्यांनी आमची चूक जरूर दाखवावी.

आज ज्या झाडांविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्या फांद्या वर जाण्याऐवजी खाली लोंबतात. इंग्रजीत अशा झाडांना 'रडणारी झाडे' म्हणतात. केस मोकळे सोडून, मान खाली घालून बसलेली एखादी दुःखी बाई जशी दिसावी तशी ही झाडे दिसतात, म्हणून हे नाव. त्यांतले जगभर गाजलेले झाड म्हणजे विलो. तळ्याच्या काठी उभे असलेले आणि पाण्याला फांद्या टेकवणारे हे झाड आपण चित्रांत व कॅलेंडरांवर पुष्कळदा पाहिलेले असते. त्याच्या शास्त्रीय नावाची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

स्वीडनचा लिनिअस हा वनस्पतींना नावे देण्याची आजची पद्धत घालून देणारा पंडित. त्याने १७५३ साली या विलोचे नाव 'सॅलिक्स बॅबिलोनिका', म्हणजे बाबिलोनचा विलो, असे नोंदवले. त्याच्या मनात बायबलातील एक स्तोत्र होते. ज्यू लोकांना कैद करून बाबिलोनला नेले गेले, तेव्हा तेथील नद्यांच्या काठी बसून ते आपल्या देशाच्या आठवणीने रडले आणि आपली वाद्ये त्यांनी काठच्या झाडांना टांगून ठेवली, असा त्याचा आशय आहे. परंतु हा विलो मुळात बाबिलोनचा नव्हेच. तो चीनचा. व्यापाराच्या वाटेने हळूहळू पश्चिमेकडे गेला. बाबिलोनच्या नदीकाठी जी झाडे होती ती बहुधा पॉप्लर जातीची असावीत, असे अभ्यासक आता मानतात. म्हणजे रडली ती माणसे. घरादारातून उठवून परमुलखात नेलेली माणसे. रडण्याचे नाव मात्र झाडाला मिळाले, आणि तेही भलत्याच झाडाला! पुढे १८२१ साली नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत वारला. त्याला पुरले त्या जागी विलो होते. लोकांनी त्यांच्या काड्या तोडून देशोदेशी नेऊन लावल्या. विलोची काडी ओल्या जमिनीत खोचली की सहज जीव धरते, त्यामुळे दुःखाचे झाड ही त्याची ख्याती आणखी पसरली.

आपल्या देशात हा लोंबता विलो थंड हवेच्या मुलखात, काश्मीरसारख्या ठिकाणी, चांगला वाढतो. क्रिकेटच्या बॅटी होतात तो विलो त्याच कुळातला, पण जात निराळी. पूर्णेच्या उन्हात लोंबत्या विलोची हौस करण्यात अर्थ नाही. मात्र विलोचा एक सख्खा भाऊबंद आपल्या महाराष्ट्रात पूर्वापार आहे. त्याचे नाव वाळुंज. ओढ्यानद्यांच्या काठी, पायाशी ओल असेल तेथे तो राहतो, आणि त्याची मुळे काठाची माती धरून ठेवतात. आपली पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्याच तालुक्यात गोदावरीला मिळते. तिच्या ढासळत्या काठांवर लावायला वाळुंज हे झाड आम्हांस योग्य वाटते. बागेच्या हौसेला विलो नाही मिळाला, तरी नदीच्या गरजेला वाळुंज आहे.

आता आपल्या दारातल्या झाडाकडे वळू. पूर्णेत कोणत्याही कचेरीच्या, शाळेच्या किंवा बंगल्याच्या कुंपणाशी पाहा. भाल्यासारखी सरळ, हिरवी, उंच झाडे ओळीने उभी असतात. फांद्या खोडापासून निघतात त्या थेट खाली वळतात आणि बुंध्यापर्यंत झालर सोडल्यासारखी पाने लोंबत राहतात. याला आपण सरसकट 'अशोक' म्हणतो. इंग्रजी रोपवाटिकांच्या यादीत हेच झाड 'लोंबता' किंवा 'रडणारा' अशोक म्हणून लिहिलेले असते. गंमत पाहा! अ-शोक म्हणजे ज्याला शोक नाही तो. एका भाषेने त्याला रडायला बसवले आणि दुसरीने त्याचे दुःखच नाहीसे केले. झाड बिचारे दोन्ही नावांना अनोळखी.

कारण हा खरा अशोकही नव्हे. रामायणात अशोकवनाचा उल्लेख येतो तो अशोक निराळा. त्याला सीता-अशोक म्हणतात. त्याचे कुळ शेंगा धरणाऱ्या झाडांचे, म्हणजे चिंचेचे. वसंतात त्याला नारिंगी फुलांचे गुच्छ येतात आणि ती फुले पुढे लाल होत जातात. आपल्या कुंपणाशी असलेले झाड सीताफळाच्या कुळातले आहे. तात्पर्य, सीतेचा अशोक सीताफळाच्या कुळातला नाही आणि सीताफळाच्या कुळातला अशोक सीतेचा नाही! या कुंपणाच्या झाडाला जाणकार 'खोटा अशोक' किंवा 'आसुपालव' म्हणतात. शास्त्रात त्याचे नाव बराच काळ 'पॉलिअल्थिया लाँगिफोलिया' होते. २०१२ सालापासून शास्त्रज्ञांनी त्याला 'मोनून' या गणात घातले आहे.

नावाचा हा घोळ नुसत्या शब्दांचा आहे असे कोणी समजू नये. सीता-अशोकाची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर वापरतात. त्या सालीत या खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे औषधींची परीक्षा करणाऱ्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. खरा अशोक जंगलातून कमी होत चालला आहे, आणि संकटाच्या वाटेवर असलेल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव दिले म्हणजे गिऱ्हाईक फसते. कामगारांच्या चळवळीत हा अनुभव आम्हांस नवा नाही. कायम कामगाराचे आणि कंत्राटी कामगाराचे काम एकच असते, पण नाव बदलले की पगार बदलतो.

असो. खोटा म्हटला म्हणून हा अशोक टाकाऊ ठरत नाही. त्याचे मूळ घर दक्षिण भारत आणि श्रीलंका. सरळसोट खोडामुळे पूर्वी जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी त्याचा उपयोग होई, म्हणून इंग्रजांनी त्याला डोलकाठीचे झाड असेही नाव दिले. त्याची कोवळी पालवी तांबूस, तकतकीत असते. पुढे ती गर्द हिरवी होते आणि पानांच्या कडा लाटेसारख्या वळतात. सणासुदीला मांडवाला आणि तोरणाला ही पाने लावतात. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास त्याला फुले येतात. ती आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असतील, कारण ती पानांसारखीच फिकट हिरवी असतात. सहा अरुंद पाकळ्यांची ही चांदणी दोन-तीन आठवडे राहते आणि निघून जाते. मग हिरव्या फळांचे घोस धरतात. पिकल्यावर ते काळसर जांभळे होतात. कोकिळा आणि वटवाघळे ती फळे आवडीने खातात आणि बिया दूर टाकतात. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेले एक चपळ फुलपाखरू याच झाडाच्या पानांवर अंडी घालते, आणि त्याच्या अळ्या ही पाने खाऊन वाढतात. म्हणजे ज्याला आपण नुसते शोभेचे समजतो, त्या झाडावर पुष्कळांची भाकरी चालते.

आता मुख्य प्रश्न. बाकीची झाडे फांद्या वर नेतात, मग यांच्याच खाली का येतात? उत्तर समजण्यासाठी आधी फांदी वर कशी जाते ते पाहू. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा सोडतो. झाडापाशीही असाच ओळंबा असतो. कोवळ्या फांदीच्या काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. फांदी कलली की हे कण पेशीच्या खालच्या बाजूस जाऊन बसतात, आणि खाली कोणती दिशा आहे हे त्यावरून झाडाला कळते. मग रुंद पानांची झाडे फांदीच्या वरच्या अंगाला एक खास ताणाचे लाकूड तयार करतात. खांबाला ताण देण्यासाठी आपण तार ओढून बांधतो, तसे हे लाकूड फांदीला वर ओढून धरते.

लोंबत्या झाडांत या व्यवस्थेत कोठेतरी खंड पडलेला असतो. जपानमध्ये लोंबत्या चेरीच्या झाडांना जिबरेलिन नावाचे वाढीचे द्रव्य दिले, तेव्हा त्यांच्या नव्या फांद्या वरच्या दिशेने वाढल्या. पीच नावाच्या फळझाडाच्या लोंबत्या जातीत एका जनुकाचा भाग नाहीसा झाल्याने फांद्या खाली जातात, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक लोंबत्या झाडाचे कारण हेच, असे मात्र नाही. आपल्या अशोकाचे तर विशेष असे की त्याचे खोड ओळंब्यात अगदी सरळ वर जाते आणि फांद्या तेवढ्या खाली वळतात. याचा झाडाला काही लाभही होतो. लोंबत्या पानावर माध्यान्हीचे ऊन तिरपे पडते, त्यामुळे ते आडव्या पानाइतके तापत नाही, आणि पावसाचे पाणी त्यावरून लगेच ओघळून जाते. म्हणजे ते रडत नाही, आपल्यापुरती उन्हाची सोय लावून उभे असते.

आणि येथेच आमचे त्याच्याशी भांडण सुरू होते. झाडाशी नव्हे, लावणाऱ्यांशी.

आमच्या ओळखीच्या एका कचेरीच्या आवारात दोन जुने लिंब होते. त्यांच्याखाली अर्ज लिहून देणारे बसत, रिक्षावाले डबा खात, सफाईच्या बाया पगाराची वाट पाहत टेकत. आमच्या कितीतरी सभा त्यांच्याखाली झाल्या. पुढे आवार सुशोभित करण्याचे ठरले. लिंबांचा पाचोळा पडतो, पक्षी घाण करतात, असे कारण सांगून ते दोन्ही तोडले आणि भिंतीलगत अशोकाची ओळ लावली. चार-पाच वर्षांत ती उंच वाढली. फोटोत आवार फार देखणे दिसते.

एका मे महिन्यात थकलेल्या पगारासाठी आम्ही तेथे पन्नासएक माणसे जमलो. सकाळी नऊच्या सुमारास प्रत्येक अशोकाची सावली लांब, पट्टीसारखी पडली होती. माणसे त्या पट्ट्यांत एकामागे एक अशी उभी राहिली, जणू रेशनच्या रांगा. सूर्य चढला तशा पट्ट्या आखडू लागल्या आणि सरकू लागल्या. भाषण करणारा एका जागी आणि ऐकणारे घड्याळाच्या काट्यासारखे फिरत आहेत, अशी ती सभा झाली. बाराच्या सुमारास सावली उरलीच नाही. एक वयस्क बाई चक्कर येऊन खाली बसल्या. त्यांना उचलून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत नेले. त्या टपरीवर एक वेडावाकडा लिंब होता.

घरी आल्यावर आम्ही हिशेब मांडला. पूर्णा सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास एके दिवशी माध्यान्ही सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. तेव्हा कोणत्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच पडते. उंचीला त्या वेळी किंमत नसते. किंमत असते ती घेराला. लोंबत्या अशोकाचा घेर आरपार ५ फूट धरला, तर त्याची माध्यान्हीची सावली सुमारे २० चौरस फूट होते. चांगल्या वाढलेल्या लिंबाचा घेर आरपार ४० फूट धरला, तर सावली सुमारे १,२५० चौरस फूट. बसायला माणशी १० चौरस फूट दिले तर अशोकाखाली दोघे बसतील आणि लिंबाखाली सव्वाशे. व्यास आठपट झाला की सावली चौसष्टपट होते. हे गणित चौथ्या-पाचव्या इयत्तेतला मुलगाही ताडून पाहू शकेल. म्हणजे एका लिंबाची भरपाई करावयाची तर चौसष्ट अशोक लावावे लागतील, आणि तरीही प्रत्येकाखाली दोघांनीच बसायचे!

कोणी म्हणेल, या झाडांनी धूळ आणि आवाज अडतो. धुळीचे म्हणणे आम्ही मान्य करतो. रस्त्याच्या कडेला बुंध्यापर्यंत पाने असलेली दाट ओळ पुष्कळ धूळ अंगावर घेते. आवाजाचे तितकेसे खरे नाही. एका पातळ ओळीने आवाज फारसा थांबत नाही. त्यासाठी झाडांचा रुंद, दाट पट्टा लागतो. अरुंद जागा असेल, वरून तारा जात नसतील, भिंतीलगत आडोसा हवा असेल, शेजारच्या खिडकीची नजर चुकवायची असेल, तर लोंबत्या अशोकासारखे दुसरे झाड नाही. जागा कमी घेतो आणि बारमाही हिरवा राहतो. तेथे तो जरूर लावावा. तक्रार एवढीच की, ज्या जागी माणसे उभी राहतात, वाट पाहतात, भाकरी खातात, त्या जागीही हाच लावला जातो.

याच अशोकाचा एक पसरट प्रकारही आहे. त्याच्या फांद्या बाजूला जातात, पाने तशीच लोंबती, आणि खाली चांगली सावली पडते. किंबहुना झाडाचे नैसर्गिक रूप तेच. जुन्या उद्यानांत व रस्त्यांवर तो अजून दिसतो. लोंबत्या प्रकाराचा बोलबाला झाला आणि हा मागे पडला. रोपवाटिकेत गेल्यावर त्याची चौकशी करावी. शिवाय लिंब, करंज, चिंच आणि वड तर आपलेच आहेत. करंज लवकर वाढतो आणि ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने गच्च भरतो. बाकांवर करंज, फाटकाशी लिंब, भिंतीला अशोक आणि नदीला वाळुंज, एवढे जरी आपल्या गावाने ठरवले तरी पुष्कळ झाले.

असलेली झाडे राखण्याचाही मार्ग आहे. महाराष्ट्रात १९७५ साली नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याप्रमाणे नगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि नागरिकांना हरकत घेण्याचा हक्क आहे. २०२१ सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. त्या दोन लिंबांच्या वेळी आम्हांस हे ठाऊक नव्हते. हरकतीचा एक अर्ज लिहायला आम्हांला दहा मिनिटे लागली असती. हजारो अर्ज आम्ही लिहिले. तो एक लिहिला नाही, याची रुखरुख अजून आहे.

बागेला शोभा हवी, हे आम्हांस मान्य आहे. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसालाही सुंदर वस्तू पाहण्याचा तेवढाच अधिकार आहे. परंतु ज्याच्या घराला अंगण नाही त्याचे अंगण म्हणजे सार्वजनिक बाग, आणि अंगणात पहिली गरज सावलीची असते. एका घरात चार माणसे असली तर चौघांना एकच काम कोणी देत नाही. झाडांनाही त्यांच्या अंगचे काम द्यावे. लोंबत्याकडून सावलीची अपेक्षा केली आणि पसरट्याला पाचोळ्यासाठी तोडले, यात दोष झाडांचा नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या कचेरीच्या फाटकाबाहेर आमच्या सोबत्यांनी तीन करंज लावले आहेत. पैकी एक शेळीने खाल्ला. तेथे पुन्हा लावला. चक्कर आलेल्या त्या बाई रोज कामावर येताना बाटलीतले उरलेले पाणी त्यांना घालतात. झाडे अजून कमरेएवढीच आहेत. त्यांच्याखाली बसायला दहा वर्षे लागतील, आणि तोवर आमची सभा भिंतीलगतच्या अशोकाबरोबर सरकत राहील. आपल्यापैकी कोणी त्या वाटेने गेलात, तर एक तांब्याभर पाणी घेऊन जावे, एवढीच विनंती.